डावी किडनी
दहिवडीच्या डॉक्टरांना सात वर्षांच्या मायाची डावी किडनी सोनोग्राफीत दिसलीच नाही. तेव्हापासून सासू मायाच्या आईला, मंगलला, ऐकवत होती, “पोटुशी असताना चंद्राला गिराण लागलं तवा भाजी चिरलीस, त्याचं फळ हाय ह्ये.” मंगलला ते खरंच वाटू लागलं होतं. सांगलीच्या दवाखान्यात तिघी आल्या. डॉक्टरीणबाईंनी मशीनचं टोक ओटीपोटापर्यंत खाली सरकवलं आणि त्या थांबल्या. “ही बघा किडनी. जन्मापासून इथंच आहे, वर चढलीच नाही. पण काम चोख करते.” “माझ्या हातनं काय चुकलं व्हतं का, बाई?” मंगलनं विचारलं. “नाही. गर्भात असं होतं कधीकधी. यात आईचा दोष नसतो.” मंगलला तेव्हा कुठं रडू आलं. सासू पुढं आली, मायाच्या पोटावरची जेली तिनं पदरानं पुसली. “माझं पयलं बाळ गेलं, तवा समद्यांनी मलाच बोल लावला व्हता,” ती म्हणाली.