छपरावरचा बर्फ

छपरावर फावड्याची खरखर थांबली, तशी मित्सुएने मुळा चिरता चिरता मान वर केली. उत्तर जपानमधल्या त्या डोंगरगावात आता फक्त ती आणि नवरा उरले होते. "मुलाकडे शहरात जाऊ," सकाळी ती म्हणाली, तसा तो रागाने फावडं घेऊन बर्फ उपसायला वर चढला होता.

"अहो?" तिने हाक मारली. उत्तर आलं नाही.

ती अनवाणीच धावली. छपरावरून घसरलेल्या बर्फाचा अंगणात ढीग झाला होता. ती हातांनीच उकरू लागली. आधी त्याचा खांदा लागला, मग तोंड. तो खोकला.

शेगडीपाशी बसल्यावर तो तिच्या सोलवटलेल्या बोटांकडे बघत राहिला.

"मुलाला फोन लाव," शेवटी म्हणाला. "विचार, आम्ही आलो तर चालेल का."