विलायतेचा खर्च

लग्न आधी, विलायतेचा खर्च नंतर, एवढी एकच अट बाळासो इंगवल्यांनी घातली, आणि कृष्णातने ती तिथल्या तिथे मान्य केली.

शाहूपुरीत इंगवल्यांची गुळाची अडत होती. पोटी दोन मुलीच. कृष्णात कसबा बावड्याचा, बापाविना वाढलेला, नुकताच बी.एस्सी. झालेला. एडिंबरोच्या युनिव्हर्सिटीत शिकायचं त्याने केव्हापासून मनात धरलं होतं. पण तिथली फी, बोटीचं भाडं, राहणं-खाणं हे त्याची आई धोंडुबाई हिने जन्मभर म्हशी राखल्या असत्या तरी जमलं नसतं.

त्याचा मामा पिराजी मात्र चौकशी करून आला तो तोंड पाडूनच.

"थोरल्या जावयालाबी त्येंनीच विलायतेला धाडला व्हता," तो म्हणाला. "सात वर्सं झाली, माणूस दिसला न्हाय. इचारलं की बाळासो उठून आत जातो."

कृष्णातने ते मनावर घेतलं नाही. त्रेपन्न सालच्या वैशाखात त्याचं आणि धाकट्या लीलाचं लग्न झालं.

बोट निघेपर्यंत जावयाने आपल्याच घरी राहावं असं बाळासोंनी सुचवलं. माडीवर त्याला रस्त्याकडची खोली मिळाली. समोरच्या खोलीत थोरली शालू राहायची. तिच्या कपाळावर ठसठशीत कुंकू असे आणि ती कुणाशी फारशी बोलत नसे. लीला तिच्याच खोलीत निजायची. जावयाचं शिक्षण होईपर्यंत संसार नको, असं वडिलांनी ठरवलं होतं.

कृष्णातला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट बरंच वाटलं. एकदा समुद्र ओलांडल्यावर कोल्हापूरला परत यायचं नाही, हे त्याने हळद लागण्याआधीच ठरवलं होतं. तिथे नोकरी बघायची, आईला पैसे पाठवायचे. लीलाचं काय, या प्रश्नाशी तो थांबायचा आणि मग दुसऱ्या कशाचा तरी विचार करायचा. बोलला मात्र कुणापाशीच नव्हता.

अर्ज, पासपोर्ट, बोटीवरची जागा हे सगळं मुंबईतला एक एजंट बघत होता. कृष्णातने विचारलं की बाळासो म्हणत, काम चाललंय, तुम्ही निवांत ऱ्हावा. लीला इंटर सायन्स झालेली. तिला इंग्रजी बोलायला शिकवायला मिशनमधली एक म्हातारी मॅडम रोज यायची. विलायतेहून येणाऱ्या नवऱ्याला शोभेल अशी बायको तयार करताहेत, असं कृष्णातला वाटलं. डॉक्टर घरी येऊन त्याला देवी टोचून गेला, तेव्हा त्याने लीलालाही टोचलं. गावात साथ आहे, असं बाळासो म्हणाले.

आषाढात एकदा जेवताना शालूने आमटी वाढली आणि हात तसाच ठेवून विचारलं,

"तुमी परत येनार न्हवं?"

"येणारच की," कृष्णात म्हणाला.

शालू त्याच्याकडे बघत राहिली. मग भांडं ठेवून सरळ वडिलांच्या खोलीत गेली. बराच वेळ आतून दोघांचं हळू बोलणं ऐकू येत होतं.

त्यानंतर घरातलं वागणं बदलल्यासारखं झालं. कृष्णात बाहेर निघाला की अडतीवरचे दोन हमाल मागे चालू लागत. जोतिबाला जायचं म्हणाला तर तेच दोघं गाडीत येऊन बसले. नव्या जावयाला एकटं कसं सोडायचं, असं कारण मिळालं. पिराजीमामाला अडतीत काम लागलं आणि त्याने चौकशा करणं सोडलं. श्रावणात बाळासो स्वतः बावड्याला जाऊन धोंडुबाईला घेऊन आले. मुलगा परदेशी जाणार, म्हातारीने एकटीने का राहायचं, असं त्यांचं म्हणणं. म्हशी विकल्या, घराला कुलूप लागलं. आई खूश होती. कृष्णात रात्री पलंगावर पडून थोरल्या जावयाचं काय झालं असेल, याचा विचार करू लागला. पळून जावंसं त्याला एकदोनदा वाटलं. पण बोटीची तारीख जवळ आली होती.

भाद्रपदात जायचा दिवस आला. धोंडुबाईने ओवाळलं. स्टेशनवर सगळं घर आलं. कधी उंबऱ्याबाहेर न पडणारी शालूसुद्धा. हमालांनी ट्रंका डब्यात चढवल्या. अडतीवरचे दिवाणजी मुंबईपर्यंत सोबत जाणार होते, ते आत जाऊन बसले. त्यांच्यामागून लीला चढली. अंगावर नवा लोकरी कोट होता. बंदरावर निरोप द्यायला येत असेल, असं कृष्णातला वाटलं. ती खिडकीशी बसली आणि शालूने खिडकीतून तिचा हात घट्ट धरला. दोघीही रडत नव्हत्या.

गार्डने शिट्टी दिली. कृष्णातने पायरीवर पाय ठेवला, तेवढ्यात त्याच्या खांद्यावर बाळासोंचा हात पडला. दोन्ही हमाल दोन बाजूंना येऊन उभे राहिले.

"गाडी सुटतीय मामा," कृष्णात सासऱ्यांना म्हणाला.

"सुटू दे की."

गाडी हलली. शालूने हात सोडला. लीलाने एकदा कृष्णातकडे पाहिलं आणि मान वळवली.

"थोरला जावई तिकडं मडमेसंगं संसार करतोय, दोन पोरांचा बाप झालाय," बाळासो शांतपणे म्हणाले. "म्हणून ह्या खेपेला पोरीलाच धाडली. डाक्टर हुनार हाय ती. बिनलग्नाची धाडली असती तर जातीत तोंड दाखवाय आलं नसतं, म्हणून नवरा बघितला."

शेवटचा डबा प्लॅटफॉर्मच्या बाहेर गेला. बाळासोंनी कृष्णातला हळूच टांग्याकडे वळवलं.

"चला जावईबापू, घरला. सहा वर्सं तर हाईत. ती परत येतीया का न्हाय, ते आता तुमी बघत बसायचं."