घट्ट धरणारा

बस इथं चटईवर, पाय पसर. बाउरोची गोष्ट सांगतो. अख्ख्या तारावा बेटावर एवढा नारळडोक्या माणूस शोधून सापडायचा नाही.

तर बाउरो माडाच्या शेंड्यावर बसून गळा काढून गातोय. आमच्यात माडी काढायला चढलेल्यानं गायचंच असतं. खाली बायका आंघोळी करतात; वर कोण आहे ते त्यांना कळायला नको? गाणं नाही, तर दगड. टीबी झाला आणि बाउरोचा दम गेला. गाण्याच्या जागी नुसता खोकला. बायकांनीच त्याला माडावरून खाली बसवलं. घरात त्याची चटई वेगळी झाली. नात मारेवेया त्याच्या कुशीत झोपायची, तीही लांब गेली.

गोळ्यांनी आवाज परत आला. आवाज कसला, डुक्कर ओरडावं तसा. पण याला वाटलं, झालो बरा! चटई उचलून परत नातीशेजारी टाकली, गोळ्या बंद केल्या आणि चढला माडावर.

खाली ताबेरिया सिस्टर गोळ्यांची डबी घेऊन उभी.

"बाउरोबाबा, उतरा!"

"कशाला? गातोय ते ऐकू येत नाही?"

"येतंय ना! म्हणून तर म्हणते, उतरा!"

बायका फिदीफिदी हसल्या. सिस्टरनं एक फोटो वर धरला. शेंड्यावरून दिसणार काय, कपाळ!

"हा टीबीचा जंतू," ती ओरडली. "याच्या अंगावर केसांसारखे बारीक तंतू असतात. त्यांनी तो फुप्फुसाला धरतो, आणि हे जंतू एकमेकांनाही धरून गठ्ठा करून बसतात. गोळ्यांनी तुमच्या छातीतले बरेच जंतू मेलेत. पण काही अजून धरून आहेत."

"माझ्या टकलावर एक केस नाही, आणि त्या किड्याला झिपऱ्या?" बाउरो म्हणाला. "राहिले असतील दोन-चार. माझं काय वाकडं करणार?"

"पुन्हा वाढतील. आधी तुमचा दम घेतील, मग मारेवेयाचा. आणि तेव्हा कदाचित या गोळ्या त्यांना पुरायच्या नाहीत."

"जा गं, पोरांना घाबरव!"

तेवढ्यात माड डोलायला लागला. शेजारची म्हातारी ओरडली, "अरे मेल्या, वारं सुटलंय! पडशील!"

"मी? मी पडीन?" बाउरो वर छाती फुगवून बसला. "त्या पश्चिमेच्या वादळात आठवतंय का? कच्चे गडी होते ते नारळासारखे टपाटप पडले. मी माडाला मिठी मारून बसलो. सोडलंच नाही! ज्यानं घट्ट धरलंय तो वारं दमायची वाट बघतो. वारं थांबलं रे थांबलं, की पुन्हा कामाला..."

बोलता बोलता त्याचं लक्ष खाली गेलं.

खाली मारेवेया गोड माडीसाठी करवंटी घेऊन त्याच्याकडे बघत उभी होती. बाउरोनं माडाभोवतीच्या आपल्या हातांकडे बघितलं. मग हळूच छातीकडे.

गाणं नाही, बोलणं नाही. खालच्या बायकांतल्या एकीनं वाकून दगड उचलला.

"मारू नका गं! उतरतोय!" बाउरो घसरत खाली आला, पोट सोलून घेतलं आणि सिस्टरपुढं हात पसरला. "दे. माझ्यासारखेच बसलेत आत. असे सोडायचे नाहीत."

तेव्हापासून आधी गोळी, मग माड. पण सकाळी माड दिसला की डोक्याचा नारळ होतो, गोळी राहून जाते. म्हणून तुला सांगतो. उद्या या वाटेनं जाशील, वरून डुक्कर ओरडल्यासारखं गाणं ऐकू येईल. तेव्हा खालून हाक मार, "बाउरोबाबा, गोळी घेतली का?"

लाजू नकोस. मी वरून ओ देईन.