ईदची कडी

आफशीनच्या हाताला सुई लावून झाली, वर पट्टी बसली. ती रडली नाही. गोळी मात्र जिभेवर ठेवून तिनं तोंड वाकडं केलं.

"गिळ की गं पटकन," संयोगिता सिस्टर म्हणाल्या. "डोक्यात वाटाण्याएवढी ग्रंथी असतीय. उंची वाढवायचा रस तिथनं सुटतोय. तुझी जागी हाय का झोपलीय, ते बघायचं. ही गोळी म्हणजे तिला मारलेली हाक. मग मी सारखी येऊन थोडं थोडं रक्त नेणार."

"आणि उठलीच न्हाई तर?"

"तर बाहेरनं इंजेक्शन. त्यात काय!"

डॉक्टर आले. "आधीची उंची कुठं मोजलेली नाही म्हणता. पण दोन वर्षांत वाढली का ही?"

पोरीची आई शबनूर तोंड उघडणार, तोच लेक बोलली, "वाढली की! दर ईदला पैंजणात नवी कडी घालायला लागतीय. अम्मीच घालती."

"चांदीच्या हुपरीची पोर शोभतेस," डॉक्टर हसले. "काय हो, खरं?"

शबनूरनं होकारार्थी मान हलवली. डॉक्टरांनी लिहून घेतलं आणि पुढच्या खोलीत गेले.

खरं तर कडी घालायला लागतच नव्हती. ईदच्या आदल्या दिवशी जावेच्या पोरींची पैंजणं वाढवायला बसलं, की आफशीनही आपला पाय पुढं करून बसायची. तो पाय तसाच मागं सारायला शबनूरचा हात धजला नव्हता. दोन्ही वेळा तिनं कडी घातलीच होती.

गोळीनं पोरीला गुंगी आली. सिस्टरनी दंडाला पट्टा बांधून बघितलं. "प्रेशर जरा उतरलंय. ह्या गोळीनं उतरतंच, घाबरू नका. पाय उशीवर घ्या तिचे."

शबनूरनं पाय उचलले. गार लागले म्हणून मोजे काढून चोळायला घेतले. आता सैल पैंजण टाचेवरनं घसरणार, म्हणून तिनं हात आडवा धरला. पैंजण जागचं हललं नाही.

तिनं वाकून बघितलं. आतल्या बाजूला दोन कड्या एकावर एक दुमडून पांढऱ्या दोऱ्यानं घट्ट बांधल्या होत्या. दोरा मळून चांदीच्याच रंगाचा झाला होता. दुसऱ्या पायातही तसंच.

"सोडू नको," आफशीन डोळे न उघडताच पुटपुटली. "पडंल."

"कधी बांधलास गं?"

"तू कडी घातलीस, त्याच दिवशी." तिला जांभई आली. "घालताना तू किती हसत होतीस, अम्मी."

आणि ती पुन्हा झोपली.

सिस्टर रक्त घ्यायला आल्या तेव्हा शबनूर तशीच पायाशी वाकलेली होती.

"सिस्टर, डॉक्टरांना परत बोलवता का जरा?" ती म्हणाली. "मघाशी लिहिलेलं चुकलंय."

तिचं बोट दोऱ्याच्या गाठीवरच होतं.