पंधरा की साठ

“पंधरा दिवस. हेही बरोबर,” म्हणत सरांनी सतरावा कागद बाजूला ठेवला. आता एकच कागद उरला होता, काकूंचा. त्यावर साठ लिहिलं होतं.

कायदा शोधायचा कसा, हे शिकवणाऱ्या त्या वर्गात काकू वयाने सगळ्यांत मोठ्या. औषधांच्या दुकानात बावीस वर्षं काढून त्या इथे आल्या होत्या. दोन चाचण्यांत त्यांची दांडी उडाली होती. तिसऱ्यांदा नापास होणाऱ्याला वर्ग सोडावा लागे. सकाळी नवरा म्हणाला होता, “पास झालीस तर आठवडाभर भांडी माझ्याकडे.” काकू म्हणाल्या होत्या, “मग मी नापासच होते. कपबशा तरी वाचतील.” पण जिना उतरताना त्या कलमांचे आकडे पुटपुटत होत्या.

प्रश्न तर सोपा होता. घरमालकाने एका शिंपीणबाईला दुकान रिकामं करायची नोटीस दिली आहे. तिला किती दिवस मिळतात? बाकीच्यांनी जाडजूड पुस्तकातलं कलम काढलं आणि पाच मिनिटांत कागद दिले. काकू मात्र ग्रंथपालांच्या खनपटीला बसल्या. कायद्यात पुढे झालेल्या बदलांच्या पातळ पुस्तिका त्यांनी एकेक करून मागवल्या.

शेजारचा मुलगा कुजबुजला, “काकू, उत्तर शोधायचंय. कपाट आवरायचं नाहीये.”

“आवरलेल्या कपाटातच सापडतं रे,” काकू म्हणाल्या आणि पुढची पुस्तिका उघडली.

आता सरांनी तो कागद उंच धरला. वर्गाबरोबर तेही त्यांना काकूच म्हणत. “काकू, हे साठ कुठून आणलेत?”

मागच्या बाकांवर खसखस पिकली. काकू उभ्या राहिल्या. त्यांनी दोन्ही हात बाकावर टेकवले.

“सर, दुकानात बाटली हातात आली की मी आधी तारीख बघायचे. औषध कितीही गुणाचं असू दे, तारीख उलटली की ते द्यायचं नाही. तशीच ह्या कलमाची बघितली. पंधरा दिवसांचा नियम तीन वर्षांपूर्वीच बदललाय. आता साठ मिळतात.”

त्यांनी पुस्तिका पुढे केली. सरांनी चष्मा लावला. वाचलं, पान उलटून तारीख पाहिली, पुन्हा वाचलं. तीस वर्षं हे कलम त्यांना तोंडपाठ होतं. त्यांचे कान लाल झाले, आणि मग, कुणाला कळेना का, त्यांचा चेहरा एकदम उजळला.

“तुम्ही सगळे चुकलात,” ते वर्गाला म्हणाले, “आणि मीही.” खुर्ची मागे सारून ते दाराकडे निघालेसुद्धा.

“सर, म्हणजे मी पास?” काकूंनी विचारलं.

“ते वाटेत बोलू. हा प्रश्न मी मनाने रचलेला नाही. त्या बाईचं दुकान मागच्याच गल्लीत आहे. पंधरा दिवस मीच तिला सांगितले होते आणि आज पंधरावा. सामान न्यायला तिच्या दारात टेम्पो लागलाय.” सरांनी दार उघडून धरलं. “चला काकू. तिला तुम्ही सांगा. शिलाई मशीन मी उतरवतो.”