जित्याची आंघोळ

या मायबापहो, असे पुढे सरका. टाळ घटकाभर मांडीवर ठेवा. गोष्ट फार मोठी नाही, दोन बादल्या पाण्याची आहे. पण शेवटपर्यंत ऐका.

"सिस्टर, आज फरशीवर थेंबसुद्धा नको," डॉक्टर सलील चौथ्यांदा म्हणाले.

यवतमाळ जिल्ह्याच्या टोकाचं ते लहानसं रुग्णालय. रुग्णालयाला मार्क देणारं मानांकनाचं पथक त्या दुपारी यायचं होतं. दोन महिने सगळे राबत होते. रजिस्टरं भरली, डबे रंगवले, भिंतींवर सूचनांचे कागद लावले. नलू सिस्टरची नोकरी बत्तीस वर्षांची. पाय सुजलेले, डोळे जड. कागदांचा तिला वीट आला होता. एकच कागद मात्र तिने हाती पडताच तीनदा वाचला होता. त्या दिवशी तिचा डबा तसाच घरी परत गेला. तो कागद तिने नऊ नंबरच्या खाटेवर स्वतःच्या हाताने चिकटवला: 'फवारणीची विषबाधा. कपडे काढा. अंग आणि केस साबणाने धुवा.'

बोंडअळीचे दिवस होते. कपाशी डोक्याच्या वर गेलेली, फवारा उलटून तोंडावर येई. त्या दुपारी दारात काळीपिवळी जीप थांबली. उकंडा नावाच्या मजुराला चौघांनी उचलून आत आणलं. तोंडाला फेस, हातपाय थरथरत, सदरा औषधाने चिंब. मागे बायको, भागीरथा, एक चप्पल पायात, एक हातात. खाट एकच रिकामी होती, नऊ नंबरची.

डॉक्टरांनी धावत येऊन इंजेक्शन दिलं. तेवढ्यात फाटकाशी गाडी वाजली.

"आले ते! सिस्टर, याला पांघरूण घाला. बाकीचं नंतर."

नलूने ब्लँकेट उचललं. ते हातात धरून ती क्षणभर तशीच उभी राहिली. मग तिने ते कोपऱ्यात भिरकावलं.

"उत्तमसिंग, दोन बादल्या पानी आन. साबन आन."

उत्तमसिंग वॉर्डातला जुना सेवक. "सिस्टर, सारे मार्क वाहून जातीन ना वो!"

"जाऊ दे वाहून."

हातमोजे चढवून तिने कात्रीने सदरा कापला. पहिला तांब्या उकंड्याच्या डोक्यावर पडला मात्र, भागीरथेने किंकाळी फोडली.

"आंघोळ काहून घालून राह्यल्या वो बाई? मेल्या मानसाले घालतेत आंघोळ! जित्ता हाय माहा नवरा!"

"जित्ता हाय म्हनूनच घालून राह्यली," नलू म्हणाली. तिचा हात थांबला नाही. "मेल्यावर धुतलं त कोनाले उपेग? रडू नको. थो दुसरा तांब्या दे मले."

भागीरथेने डोळे पुसले आणि तांब्या भरून दिला.

पथक दारात उभं राहिलं तेव्हा साबणाचं पाणी पार त्यांच्या बुटांपर्यंत गेलं होतं. डॉक्टरांनी कपाळावरचा घाम टिपला. पथकाच्या मुख्य बाईंनी पेन काढलं. त्यांनी वहीत लिहिलं: 'फरशी ओली.' मग खाटेवरच्या कागदाकडे पाहिलं. त्याची खालची कड भिजून लोंबत होती.

"हा कागद मी सगळीकडे पाहते," त्या सावकाश म्हणाल्या. "भिजलेला आज पहिल्यांदा पाहिला."

संध्याकाळी दिवेलागणीला उकंड्याने डोळे उघडले. "घसा सुकला वो," म्हणाला. भागीरथा हसली आणि हसता हसता रडायला लागली.

नलू मात्र स्टुलावर बसून होती. पदर डोळ्यांना.

"तुमी कायले रडता सिस्टर?" उत्तमसिंग म्हणाला. "वाचला ना थो!"

"कागद एक वर्स उशिरा आला, उत्तमसिंग."

उत्तमसिंगने नऊ नंबरच्या खाटेकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

मायबापहो, मानांकन मिळालं की नाही ते विचारू नका. उकंड्याचं नाव विसरलात तरी चालेल. पण घरी जाताना नलूच्या धाकट्या भावाची, भजनात खंजिरी वाजवणाऱ्या श्रावणची, आठवण ठेवा. गेल्या फवारणीत तो याच खाटेवर होता. एकेका खाटेवर दोघे दोघे होते, त्या गर्दीत कोणाला काही सुचलं नाही. थंडी वाजते म्हणाला, तर त्याच्या ओल्या सदऱ्यावर नलूनेच मायेने ब्लँकेट घातलं होतं. आणि आंघोळ घातली ती तिसऱ्या दिवशी, घरच्या अंगणात.