रजेपुरतं एक हाड

गरोदरपण म्हणजे आजार नव्हे, त्यामुळे विद्यापीठात त्याला रजा नाही. हाड मोडलं तर मात्र परीक्षा पुढे ढकलता येते, असं विभागप्रमुखांनी नववा महिना लागलेल्या विद्यार्थिनीला प्रेमाने समजावलं. वर्ष वाया घालवायचं नव्हतं, म्हणून तिने घरी येऊन डावा हात ओट्यावर ठेवला. नवऱ्याला हातोडा काही उचलवेना. शेवटी नणंद पुढे झाली. “वहिनी, मनात काही ठेवू नकोस हं,” असं म्हणून तिने स्वतःच्या मनातलं होतं-नव्हतं सगळं हातोड्यात ओतलं. मनगट काडकन मोडलं. दुसऱ्या दिवशी प्लास्टर पाहून विभागप्रमुख हळहळले. “अरेरे! पण डावाच ना? मग लिहायला काय अडचण? सोमवारी या पेपरला.” तिने उजवा हात त्यांच्या टेबलावर पसरला. सोबतच्या नणंदेने पेपरवेट उचलून वजन पाहिलं. विभागप्रमुखांनी लगबगीने चहाचा कप तेवढा बाजूला घेतला.